दोन वर्षं जास्त

"पाच वाजता बातमी येईल," मारिनुस म्हणाला. "तुमची शाखा बंद होतेय, कोबा. मार्चपासून."

कोबाच्या हातात लोण्याची सुरी होती. ताटातले बोलुस, म्हणजे दालचिनीचे चिकट पाव, एकेक उलटा करून ती त्याच्या पाठीला लोणी लावत होती. नेदरलँड्सच्या या झेलंड प्रांतात लोणी पाठीलाच लावतात. वरून लावणारा बाहेरगावचा. तिनं हातातला बोलुस पुरा केला आणि पुढचा उचलला.

"एवढ्यासाठी आलास होय. मला वाटलं, वाढदिवसाला आलास."

"वाढदिवसालाच आलो. पण तुला रेडिओवरून कळायला नको होतं."

आज तिला पासष्ट पुरी झाली. पलीकडच्या खोलीत पाहुणे खुर्च्या गोलात मांडून कॉफीची वाट बघत होते, आणि त्यातले निम्मे त्याच शाखेचे खातेदार होते. गावातली ती शेवटची बँक. तिच्या काउंटरमागे कोबानं एकतीस वर्षं काढली होती. त्या बँकेचा अध्यक्ष म्हणजे तिचा हा धाकटा भाऊ, आणि त्याआधी तो देशाचा अर्थमंत्री होता. मंत्री असताना त्यानं निवृत्तीचं वय पासष्टाचं सदुसष्ट केलं. नाहीतर कोबा आजपासून सुखानं घरी बसली असती. दोन वर्षं जास्त काम कर म्हणून सांगणारा तोच, आणि आता ते काम काढून घेणाराही तोच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते काय उगीच नाही.

मारिनुस खिडकीशी टेकला. आठवडाभर त्याला धड झोप नव्हती. मंत्रिपदाचं एक बरं होतं, वाईट बातमी कुणीतरी कागदावर लिहून द्यायचं आणि ऐकणारी माणसं अनोळखी असायची.

तेवढ्यात दार ढकलून शेजारचा लेन्डर्ट आत आला. अठ्ठ्याऐंशीचा म्हातारा, सगळा जन्म शिंपल्यांच्या होडीवर गेलेला. डोळे अधू झाल्यापासून दर गुरुवारी तो आपली पत्रं घेऊन काउंटरवर जायचा आणि कोबा ती त्याला वाचून दाखवायची.

"कॉफी कुठं अडली गं? मंत्री घरात शिरला की सगळं अडतंच म्हणा."

"आता कुठं मंत्री आहे मी, लेन्डर्टकाका."

"तेच तर! तेव्हा निदान चार वर्षांनी तुला घरी बसवायची सोय होती आम्हाला." म्हातारा स्वतःच खदखदून हसला. त्यानं ताटातला एक बोलुस उचलला. "कोबा, तीन पत्रं साठलीत. गुरुवारी येतो."

"या," कोबा म्हणाली.

तो गेल्यावर कोबानं पुढच्या बोलुसला लोणी लावायला घेतलं. मारिनुसला लाज वाटली, आणि लाज वाटून घ्यायचाही त्याला आता कंटाळा आला होता.

"हे बघ," तो हळूच म्हणाला, "अ‍ॅमस्टरडॅमच्या कचेरीत एक जागा आहे. घरी बसून करता येईल. दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे. मी शब्द टाकतो."

कोबानं सुरी खाली ठेवली.

"वय वाढवलंस तेव्हा लोक कुठं आले होते, माहितीय? तुझ्या संसदेत नाही. माझ्या काउंटरवर. गवंडी आले, नर्सा आल्या. 'तुझा भाऊ मऊ खुर्चीत, आणि आम्ही सदुसष्टपर्यंत पाठ मोडून घ्यायची?' मी म्हणायचे, मलाही दोन वर्षं जास्तच आहेत. सख्ख्या बहिणीला सूट दिली नाही त्यानं. एवढं म्हटलं की गप्प व्हायचे." ती थांबली. "तुझा फार राग यायचा मला, मारिनुस. रात्री उशीत तोंड खुपसून शिव्या दिल्यात तुला. पण सकाळी तिथं मान वर करून उभी राहायचे. आता मला मागच्या दारानं आत घेतलंस तर त्या माणसांना काय तोंड दाखवू?"

"मग काय करशील तू?"

"शाखेतले बाकीचे आठजण करतील तेच. पत्र येईल, ते वाचीन."

"कोबा, मी खरंच तुझ्यासाठी..."

"माहितीय रे." तिचा आवाज मऊ झाला होता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "मला सूट दिली नाहीस, आयुष्यात एवढी एकच गोष्ट सरळ केलीस तू. ती तरी नासवू नकोस."

तिनं कॉफीचे कप मोठ्या ट्रेमध्ये मांडले, मधे बोलुसचं ताट ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पाचाला चार मिनिटं कमी होती.

"इतकी वर्षं तुझ्या वाट्याचं बोलणं मी ऐकून घेतलं," ती म्हणाली. "आता काउंटरच राहणार नाही, म्हणजे लोकांनी बोलायला जायचं कुठं?"

तिनं ट्रे उचलून त्याच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं. मारिनुस पलीकडच्या खोलीत गेला. माणसांनी पाय आत घेऊन त्याला वाट करून दिली. कुणी म्हणालं, "अरे वा, आज कॉफी वाढायला थेट अध्यक्ष!" सगळे हसले. तो गोलाच्या मधोमध उभा राहिला. ट्रे जड होता, हात दुखत होते, आणि तो कुणाच्या हाती द्यावा तेच त्याला कळेना.