निळीची बादली

त्र्याण्णव साली दिगंबरने काचीगुड्याच्या घराची जुनी कौलं उतरवून बाजारात नव्याने आलेले रंगीत पत्रे चढवले, पन्हळही नवी बसवली. आणि पहिल्याच आठवड्यात वळचणीखालची भिंत ओलावू लागली. त्याच भिंतीशी आईची खाट होती.

"तुझ्या बाबांनी शाकारलेलं छप्पर कधी गळलं नाही," ती शांतपणे म्हणाली होती. "हे थांबलं नाही, तर मला परभणीला गावी पोचव."

उघडीप मिळताच भर दुपारी यूसुफ मिस्त्री शिडीवर चढला. "नील डालतूं, साब. जिधर नीला टपका, उधरीच छेद."

निळीची अख्खी बादली त्याने पन्हळीत ओतली. दिगंबर खाली पन्हळीच्या उतरत्या नळाच्या तोंडाशी डोळे लावून उभा होता. तिथून थेंबही आला नाही. भिंतीवर, वाशांवर, अंगणात, कुठेही निळा ठिपका उमटला नाही.

"साब, बादलीभर पानी गया किधर?" मिस्त्रीने शिडीवरून वाकून रिकाम्या पन्हळीत पाहिलं.

तेवढ्यात आतून आईची हाक आली. "दिगू, सापडलं का रे?"

तो आत धावला. आई खाटेवर बसून पदराने डोळे पुसत होती, आणि त्या पांढऱ्या पदरावर निळा ओलावा पसरत चालला होता.

"थांबत नाही रे," ती म्हणाली.