शनिवारची साखर

"पोर होईना, नि ही मुंग्यांची बाळंतपणं करत बसलीय," म्हणत सासूबाईंनी माझ्या काचेच्या पेटीत उकळतं पाणी ओतलं. मी धावत येईपर्यंत दोन वर्षं जपलेल्या माझ्या मुंग्या पाण्यावर तरंगत होत्या. राणीमुंगीसुद्धा. तिनं पहिली अंडी घातली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते.

मी रडले नाही. शनिवारची वाट पाहिली.

दर शनिवारी सकाळी सासूबाई पिंपळाखाली मुंग्यांना साखर घालतात आणि संध्याकाळी भजनी मंडळाच्या बायकांना त्याचं पुण्य रंगवून सांगतात. त्या शनिवारी दुपारी त्या आत झोपल्यावर मी त्यांच्याच डब्यातली साखर अंगणातल्या लाल मुंग्यांच्या बिळापासून बैठकीतल्या त्यांच्या गादीपर्यंत पेरत नेली. उरलेली चादरीखाली ओतली.

संध्याकाळी बायका जमल्या. टाळ घेऊन सासूबाई गादीवर टेकल्या आणि पहिल्याच अभंगात किंचाळत उठल्या. "अगं बाई, मुंग्या! उकळतं पाणी आण!"

पातेलं मी गॅसवर तयारच ठेवलं होतं. सगळ्यांच्या देखत ते आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"घ्या आई, ओता. परवा माझ्या मुंग्यांवर ओतलंत तसंच. शनिवार असला म्हणून काय झालं?"

बायका सासूबाईंच्या तोंडाकडे बघू लागल्या. सासूबाईंनी पोटरी खाजवली, घाम पुसला आणि त्या पुटपुटल्या, "नको गं. मुके जीव ते."

"मग बसा ना," मी चादरीची सुरकुती हातानं सारखी करत म्हणाले. "आरतीला अजून पुष्कळ वेळ आहे."