आदरार्थी बहुवचन

आळेफाट्यावर जीपचं मागचं चाक बसलं, तेही नेमकं भागूच्या पंक्चरच्या दुकानासमोर. फाट्यावर पंक्चर काढणारे काय कमी होते? पण चाकाला तेवढी अक्कल नसते.

मागच्या सीटवर प्रज्ञा होती आणि शेजारी तिची पाहुणी, आयर्लंडची हेलन. गेल्या उन्हाळ्यात दोघी प्रागला एका वर्गात होत्या. मोठ्या माणसांना इंग्रजी कसं शिकवावं, ह्याचं ते शिक्षण. तिथं आधी ज्यानं त्यानं आपली भाषा दुसऱ्याला शिकवायची. मिशा फुटल्यावर 'अ आ' म्हणताना जीभ कशी अडखळते, ते त्याशिवाय कळत नाही म्हणे. प्रज्ञानं हेलनला मराठी शिकवली होती. आज हेलन खोडदची अवाढव्य रेडिओ दुर्बीण बघायला निघाली होती. तिथल्या सायबांच्या गाडीत एकदा भागूनं हवा भरली नसती, तर आकाशातल्या निम्म्या ताऱ्यांचं बोलणं ऐकायचं राहूनच गेलं असतं, असं फाट्यावर सांगतात. सांगतो भागूच.

"उतरू नकोस, लगेच होईल," प्रज्ञा इंग्रजीत म्हणाली. तोवर हेलन उतरलीसुद्धा.

काळे हात पुसत भागू आला. लेकीला बघून त्याचं तोंड उजळलं. "अगं..." एवढंच निघालं. कारण हेलननं हात जोडून, एकेक शब्द तोलत त्याला ऐकवलं, "नमस्कार. ही प्रज्ञा. प्रज्ञाचे वडील डॉक्टर आहेत."

प्रागच्या वर्गात कुणाचे वडील वकील होते, कुणाचे प्राध्यापक. प्रज्ञानं फळ्यावर डॉक्टर काढला होता, गळ्यात नळी घातलेला. चित्र चांगलं जमलं होतं.

ड्रायव्हर समाधान फाट्यावरचाच. तो खो खो हसला. "डाक्टर? अवो म्याडम, ह्ये भागूभाऊच तर..."

"समाधान, आधी जॅक लाव," भागू म्हणाला.

प्रज्ञा शेजारच्या एस.टी.डी. बूथची पिवळी पाटी वाचत होती. पाटीवर इंग्रजी अक्षरं तीनच, पण वाचून संपेनात. कानशिलं अशी तापली होती की त्यावर भाकरी फुगली असती.

"डॉक्टर घरी?" हेलननं विचारलं. "मी भेटते."

भागूनं चाक सोडवलं. टायरमधून ट्यूब ओढली, तीत हवा भरली. मग लेकीच्या पाठीकडे बघत म्हणाला, "डाक्टर व्हय? वळखतो की. लई मोठा मानूस. पन आज घरी न्हाई."

"चूक!" हेलन आनंदानं ओरडली. बाकीचं तिला कळलं नव्हतं, शेवटचं कळलं होतं. "'नाही' नाही. 'नाहीत'. वडील. मान द्यायचा. प्रज्ञानं शिकवलं."

भागूनं ट्यूब उचलून पाण्याच्या टबाकडे नेली.

"बराबर हाय," तो म्हणाला. आणि जन्मात कधी म्हटलं नव्हतं इतकं स्वच्छ म्हणाला, "डॉक्टर घरी नाहीत."

"छान! आता प्रज्ञा." हेलननं हात तिच्याकडे वळवला. एकानं म्हटलं की पुढच्यानं म्हणायचं, ही वर्गातली रीत. "माझे वडील..."

प्रज्ञा वळली. भागू टबापाशी उकिडवा बसला होता. वर बघत नव्हता.

"माझे वडील..." ती म्हणाली.

भागूनं ट्यूब पाण्यात दाबली. एका जागेवरून बुडबुडे सळसळत वर आले. त्यानं त्यांच्यावर अंगठा धरला.

"घावलं," तो म्हणाला. "हितंच व्हतं."