सासूबाई यायच्या आत

बाही पुन्हा उलटी शिवली गेली. माकोआने दातांनी टाके उसवायला घेतले आणि घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. सासूबाईंचं होनोलुलूहून येणारं विमान एव्हाना हिलोत उतरलंही असेल, आणि इथे त्याची आठ वर्षांची मुलगी लेहुआ एका बाहीनिशी स्वयंपाकघरात स्टुलावर उभी.

साडेपाचला गल्लीतली सगळी पोरं हॅलोविनच्या खाऊसाठी दारोदार निघणार. लेहुआला तिच्या लाडक्या जपानी ॲनिमे मालिकेतली तलवारबाज कोल्हीण व्हायचं होतं. पोशाख दुकानातला नको, घरीच शिवलेला हवा, कारण तिची आई ट्रेसी दर वर्षी घरीच शिवायची. ट्रेसीला जाऊन आता दीड वर्ष झालं. मागच्या हॅलोविनला बापलेक दारी कुणी येऊ नये म्हणून बाहेरचा दिवा मालवून आत गुपचूप बसून राहिले होते.

माकोआ बंदरावर फोर्कलिफ्ट चालवतो. भलीमोठी खोकी अलगद उचलून ठेवणाऱ्या त्या हातांना सुईत दोरा ओवणं म्हणजे शिक्षाच. तरी दोन महिने तो खपत होता. मुलीशेजारी बसून त्याने मालिकेचे सगळे भाग पाहिले, मध्ये मध्ये थांबवून कमरपट्ट्याच्या गाठी मोजल्या. सात निघाल्या. जुन्या चादरीचा किमोनो झाला, समोर एका बाजूवर दुसरी घेऊन नेसायचा तो जपानी झगा, पुठ्ठ्याची तलवार झाली, गरम गोंदाने कान चिकटवताना दोन बोटं भाजून झाली. लेहुआची शिस्त कडक. कानाचं टोक पांढरं हवं, करडं चालणार नाही. बाबा, तू आपला फोर्कलिफ्टच चालव, असंही तिने एकदा सुनावलं होतं.

पण त्याची खरी धाकधूक वेगळीच होती. त्याच्या जपानी सासूबाई, फुमिएबाई, फोनवर स्वच्छ बोलल्या होत्या. तुझ्या कामाच्या पाळ्या, तुमचं ते डबाबंद जेवण, पोरीकडे बघायला घरात कुणी नाही. तीन दिवस येते, बघते, आणि तुला झेपत नसेल तर तिला माझ्याकडे घेऊन जाते. नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. मनातून त्यालाही वाटत होतं की बाई बोलतायत ते खरं आहे. त्यामुळे आजचा पोशाख म्हणजे त्याची परीक्षाच होती. त्यात नापास झाला तर पोरगी गेली.

सव्वाचारला बाही एकदाची लागली. त्याने लेहुआला किमोनो नेसवला, पट्टा आवळला, सात गाठी मारल्या. तिने आरशात पाहिलं आणि तलवार उपसून फ्रिजवर चाल करून गेली. बापाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दाराशी गाडी थांबली.

फुमिएबाई भिजलेली छत्री दारात टेकवून आत आल्या. लेहुआ "बाचान" करत आजीकडे धावली आणि मध्येच थबकली, कारण आजीचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातला मोची मिठाईचा डबा त्यांनी कसाबसा टेबलावर ठेवला. नजर पोरीच्या छातीवरून हलत नव्हती. लेहुआने घाबरत सांगितलं की अजून गळपट्टा घालायचा राहिलाय. मग जा, घेऊन ये, म्हणत आजीने तिला आत पिटाळलं आणि त्या माकोआकडे वळल्या.

"उजवी बाजू वर घेतलीस तू. जिवंत माणूस डावी वर घेतो, माकोआ. उजवी वर फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात. कुणी शिकवलं तुला हे?"

संपलं, माकोआला वाटलं. गेली पोरगी. मालिकेत त्या कोल्हिणीच्या गळ्यात भला मोठा गळपट्टा असतो, खालची घडी कधी दिसतच नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. सासूबाईंच्या डोळ्यांत बघायची हिंमत होईना.

"तुम्हीच," तो शेवटी म्हणाला. "किमोनो नेसवताना मी एकदाच पाहिलंय, आई. तुम्ही ट्रेसीला नेसवलात तेव्हा."

फुमिएबाई खुर्चीत बसल्या. त्या दिवशी त्या खोलीत लेकीच्या देहाजवळ त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं. हा जावई भिंतीला टेकून उभा होता. ना पुढे झाला, ना डोळ्यांतून पाणी काढलं. दगड आहे दगड, असं त्या दीड वर्ष सगळ्या नातलगांना सांगत आल्या होत्या.

लेहुआ गळपट्टा घेऊन बाहेर आली. आजीने तिला जवळ ओढलं आणि सावकाश गोल फिरवलं. मानेमागची सैल दुमड, काखेखाली दाबलेली चुण, पट्ट्याखाली कापड सारखं करण्याची त्यांची स्वतःची ढब, सगळं जसंच्या तसं होतं. त्यांच्या हातांची एकही हालचाल त्याच्या नजरेतून सुटली नव्हती. त्यांना रडू आवरेना. बाचान का रडतेय, असं लेहुआने बाबाला खुणेनेच विचारलं.

डोळे पुसून फुमिएबाईंनी पट्ट्याच्या सातही गाठी सोडल्या. घडी बदलायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

"तूच नेसव," त्या जावयाला म्हणाल्या. "डावी वर. नीट ध्यानात ठेव, पुढच्या वर्षीही तुलाच नेसवायचंय."