फॉर्मवरचे बाबा

"महिला वर्ग, तीस किलोमीटर सायकल रेस, प्रथम स्थान…" माइकवाल्याने फॉर्म डोळ्यांजवळ नेला. "आम्रपाली मेश्राम! सुपुत्री, कालकथित कवडू मेश्राम, सेक्टर टू!"

टाळ्या पडल्या. 'कालकथित' या शब्दाचा अर्थ माइकवाल्याला ठाऊक नव्हता. पण पोरीचं कौतुक पाहायला आलेल्या विहारातल्या बायकांना होता. पुण्यानुमोदनाच्या प्रत्येक पत्रिकेवर मेलेल्या माणसाच्या नावाआधी तोच छापलेला असतो. त्यांच्या टाळ्या अर्ध्यावर थांबल्या आणि माना मैदानाच्या कडेला वळल्या.

तिथे कवडू मेश्राम उभा होता. चांगला जिवंत, लेकीची सायकल धरून.

आम्रपालीचं तोंड एवढंसं झालं. मेडल घालून घ्यायला तिने मान वाकवली, ती वर केलीच नाही. बाबांनी दारू सोडून चार वर्षं झाली होती. तरी फॉर्म भरताना पेन त्यांच्या नावाशी आलं आणि सायकलच्या ट्यूबचे वळ पाठीवर पुन्हा चुरचुरले; तिने नावाआधी तो शब्द लिहून टाकला. ते पिऊन मारायचे तेव्हा ती त्यांचीच ड्यूटीची सायकल पळवून पार दूरच्या चरोद्यापर्यंत जायची, ते झोपी जाईपर्यंत. तशीच ती सायकल शिकली. आजही पेडलवर पाय असेतो तिला कुणाचं भय वाटत नाही.

पण आता ती पायी होती. मंचावरून उतरून त्यांच्यासमोर आली.

"बाबा, तो फॉर्म जुना होता."

"असंन." कवडूने तिच्या गालावरची धूळ पुसायला हात उचलला.

तिची मान आपोआप खाली गेली, खांदे कानांशी आले. बावीस वर्षांची घोडी, गळ्यात सोन्याचं मेडल, आणि भर मैदानात हे असं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कवडूचा हात होता तिथेच थांबला. मग हळूच सायकलच्या सीटवर आला.

"जुना कावून राहीन, पोरी? मागच्या महिन्यात मीच त आणून देल्ला तुले."

तिचे डोळे भरून आले.

"चाल," तो म्हणाला. "आई वाट पाहून राहिली."

त्याने सायकल दोघांच्या मधे घेतली आणि एका हाताने ढकलत निघाला. दुसरा हात त्याने घर येईपर्यंत खिशातून बाहेर काढला नाही.