बिनरंगी पिंप

गोदाम सांभाळणाऱ्या साव्वा येगोरिचनं किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं. अल्फियाला किल्लीपेक्षा त्या बटणाचाच जास्त राग आला.

बाहेर उणे एकेचाळीस. सकाळपासून गॅसची लाइन आतून चोंदत होती. मेथॅनॉल सोडत राहिलं तर लाइनीत बर्फासारखा बोळा बसत नाही, पण पंपावरची टाकी तळाला गेली होती. लाइन बंद पडली की वस्तीचा बॉयलर बंद, आणि वस्तीत पोरंबाळं होती.

माल आला होता. कंपनीला तहान लागल्यावर विहीर खणायची सवय, त्यामुळे घाईत मेथॅनॉलची पिंपं तेवढी आली. त्यात मिसळायचा जांभळा रंग आणि घाण वासाचं औषध मागेच राहिलं. ते मिसळल्याशिवाय पिंप दाराबाहेर काढायचं नाही, असा नियम. अल्फिया शिफ्टची प्रमुख. तिनं विनवण्या केल्या, साहेबांचं नाव सांगून पाहिलं. म्हातारा ढिम्म.

"साव्वा येगोरिच, पोरं गारठली तर तुमचा नियम पांघरायला देऊ का त्यांना?"

"पोरांना कोट आहेत," म्हातारा म्हणाला. "हे दिसायला दारू, वासाला दारू. पिऊन कोणी आंधळा झाला तर त्याला काय द्याल?"

तिचं डोकंच फिरलं. पिणार कोण, वेडा? तिनं कटर आणून कुलूप तोडलं. साव्वा मध्ये आला नाही, नुसता बघत राहिला, आणि त्याचाही तिला संताप आला.

ट्रक घेऊन पंपावरचा ल्योन्या आला. पिंप चढवताना, जपून ने, सांडू नकोस, एवढंच ती त्याला म्हणाली. बाकी बोलायला वेळ कुठे होता.

अंधार पडायच्या आत लाइनीच्या दाबाचा काटा जागेवर आला. गॅस वाहू लागला. दिवसभरात अल्फिया पहिल्यांदा हसली. साव्वाला फोन करून चांगलं सुनवायचं ठरवून ती ऊब घ्यायला पंपाच्या खोलीत शिरली.

ल्योन्यानं टेबलावर काळा पाव कापून ठेवला होता. शेजारी दोन ग्लास. एक तिच्यासाठी काठोकाठ भरलेला, पाण्यासारखा नितळ. दुसरा रिकामा.

"बसा, अल्फिया रिनातोव्हना. इतकी वर्षं ते जांभळं विष ओततोय. आज मेथॅनॉल संपलं म्हणून कंपनीनं चक्क शुद्ध स्पिरिट पाठवलं. थोडं बाजूला काढलं, रागावू नका."

अल्फियानं रिकामा ग्लास उचलून हुंगला.

"किती प्यालास?"

"एकच," ल्योन्या लाजून म्हणाला. "तुमच्या नावानं."