सहा दहाची नोंद

मुरली कॉफीचा डवरा-पेला घेऊन स्वयंपाकघरातून आला आणि लॅपटॉपला जोडलेल्या मोठ्या पडद्यासमोर उभाच राहिला. माउस हलवला. बाण हलेना. दोन-चार कळा दाबल्या. काही नाही.

"गेला?" त्याच्या वडिलांनी, रघोजींनी, देवापुढूनच विचारलं.

"गेला, अप्पा."

आज अकरावा दिवस. तीन केबली बदलून झाल्या होत्या. पापनाशम गावच्या मेव्हण्याचा मॉनिटर बसमध्ये मांडीवर घेऊन आणला होता, तोही असाच गोठला. लॅपटॉपमधलं सगळं लिनक्स पुसून पोराने नव्याने घातलं, त्यात एक रविवार गेला. दिवसभर यंत्र सुरळीत चाले. संध्याकाळी मुरली कॉफी करायला उठला, की परत येईपर्यंत मान टाकायचं.

दुसऱ्यांच्या यंत्रांवर लक्ष ठेवायची त्याची नोकरी. लक्ष ठेवणाऱ्याचाच पडदा रोज थांबतो म्हटल्यावर साहेब किती दिवस ऐकून घेणार? आज सात वाजता ते फोन करणार होते. कारण सापडलं असलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून चेन्नईत येऊन बस, असं सांगून झालं होतं.

मुरलीने बटण दाबून धरलं, लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू केला. सगळं परत जुळवण्यात अर्धा तास गेला. मग फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडून ऑफिसातली अखिला बोलत होती. त्याचं काम आत्ता तीच सांभाळत होती.

"मागच्या वेळची नोंद उघड. शेवटी काय आहे?"

"तेच गं. पडदा चालवणारा तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला. अकरा दिवस हेच वाचतोय."

"अडकला ते कळलं. त्याच्या वरची ओळ वाच."

मुरली पुढे वाकला. "सहा दहा. झाकण मिटलं."

"लॅपटॉपचं झाकण? कुणी मिटलं?"

"कोण मिटणार? मी आत कॉफी करत होतो."

"कालचं बघ."

"काल सहा बारा. झाकण मिटलं." त्याचा आवाज हळू झाला. "परवा सहा नऊ."

रघोजींच्या हातात तेलाची बुधली होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"ते लिहून ठेवतं का रे?" त्यांनी विचारलं. "कोण काय करतं ते?"

मुरली वळला. लॅपटॉप टेबलाशेजारच्या स्टुलावर होता. त्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याचा काळा डोळा, आणि डोळ्यासमोर बरोब्बर देवघर.

"मीच मिटतो ते," रघोजी म्हणाले. "दिवा लावताना. कापूर विझला की उघडून ठेवतो. होतं तसंच."

"का पण, अप्पा?"

"देवाजवळ घरातलं बोलायचं असतं. तुझ्या ऑफिसासमोर कसं बोलू?"

"एवढं काय बोलायचं असतं रोज?"

रघोजींनी धोतराला हात पुसले. "हेच," ते म्हणाले. "तुला तिकडे बोलावू नये म्हणून."

फोनमध्ये अखिला खोकली. मुरली खुर्चीवर बसला. त्याला हसू येतंय की रडू, ते रघोजींना कळेना. त्यालाही कळत नसावं.

"मुरली, पावणेसात झाले," अखिला म्हणाली. "खात्री करून घे. पुन्हा बिघडवून दाखव."

"अप्पा, मिटा."

"मी नाही."

"मिटा हो. रोज मिटता तसं."

रघोजी पुढे आले. चोरी पकडलेल्या माणसाला तीच चोरी पुन्हा करून दाखवायला सांगावं, तसं त्यांना झालं. त्यांनी झाकण मिटलं. मोठ्या पडद्यावर दूरच्या यंत्रांची नाडी दाखवणारी एक हिरवी रेष सरपटत चालली होती, ती जागच्या जागी थांबली. अकरा दिवस ती अशीच थांबत होती आणि ते तिच्याकडे पाठ करून हात जोडत होते.

"सापडलं!" अखिला ओरडली. "झाकण मिटलं की हा दोन पडद्यांची अदलाबदल करायला जातो आणि तिथेच अडकतो. लॅपटॉपचा पडदा सुरुवातीपासूनच बंद ठेव. झाकणाकडे बघू नको म्हणून सांग त्याला. मग अदलाबदल करायला काही उरतच नाही."

मुरलीने झाकण उघडलं, यंत्र बंद करून चालू केलं आणि तशी सूचना भराभर लिहिली. लॅपटॉप पुन्हा बंद, पुन्हा चालू. स्टुलावरचा पडदा काळाच राहिला, मोठा उजळला. हिरवी रेष निघाली.

"आता मिटा, अप्पा."

"राहू दे रे. मी आता हात लावत नाही. इथे दिवाच लावत नाही. मागच्या खोलीत नेतो देव."

"अप्पा, आठ मिनिटं आहेत."

रघोजींनी तळहात झाकणावर ठेवला. थांबले. मग सावकाश खाली नेला. टक् असा आवाज झाला.

रेष चालत होती. एक डोंगर चढली, उतरली, पुन्हा सपाटीवर आली. बापलेक तिच्याकडे बघत राहिले.

"काय झालं?" अखिला विचारत होती. "हॅलो? थांबली का?"

"चालतेय," मुरली म्हणाला. त्याने दोन्ही हात टेबलावर पसरले आणि त्यांवर डोकं टेकलं. अकरा दिवसांची झोप एकदम मानेवर येऊन बसली असावी.

रघोजी होते तिथेच वाकून उभे होते. कंबर ठणकू लागली होती.

"मुरली," त्यांनी हळूच विचारलं, "हात काढू का?"

मुरलीने डोकं वर केलं नाही.

"राहू द्या थोडा वेळ," तो म्हणाला.